गयाबाईंचा होकार

पस्तीस वर्षं मी चिपळूणला शाळेत मराठी शिकवलं. ही गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण या प्रवासात पुढे जो काही घोटाळा झाला तो माझ्या मराठीमुळेच झाला.

निवृत्तीनंतर आम्ही चार मित्रांनी एक न्यास काढला. न्यास म्हटलं की काहीतरी भव्य डोळ्यांसमोर येतं. आमचा न्यास म्हणजे अण्णांच्या पडवीतल्या चार खुर्च्या. अण्णांच्या पत्नी गेल्या, त्यांच्या आठवणीसाठी दरवर्षी एका माणसाचा सन्मान करायचा असं ठरलं. माणूस असा हवा की जो दुबळ्या जिवांना जपतो आणि त्याचा गवगवा करत नाही. सन्मान म्हणजे नुसती शाल नव्हे. शाल-श्रीफळाने महाराष्ट्रात आजवर कुणाचं काम पुढे गेलेलं नाही. आम्ही त्या माणसाला त्याच्या कामी येईल अशी एक वस्तू करून देतो. वर्षाला एकच, कारण तेवढीच आमची ऐपत.

यंदा कुणीतरी वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो धाडला. नांदेड जिल्ह्यात, उमरी तालुक्यातल्या एका खेड्यात गयाबाई नावाच्या बाई राहतात. अंगणवाडीत मदतनीस होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी कमी वजनाची तान्ही बाळं, त्यांच्या आयांसकट, स्वतःच्या घरी ठेवून घ्यायला सुरुवात केली. बाळाचं वजन भरलं की मायलेकरं आपापल्या घरी. घर लहान, आणि थंडीच्या दिवसांत बाळांना ऊब मिळेल अशी धड खोली नाही, असं कात्रणात होतं. आम्ही खोली बांधून द्यायचं एकमताने ठरवलं. मी व्हॉट्सॲपवर चांगला दहा ओळींचा मजकूर रचला आणि शेवटी लिहिलं, 'आपण हा सन्मान व ही खोली स्वीकाराल का?' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एकच शब्द.

'हाव.'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हाव! लोभ, हव्यास, हावरटपणा. अण्णा म्हणाले, "नकार दिला रे बाईंनी." मी म्हणालो, "नुसता नकार नाही. सन्मान घेणं ही हाव आहे, असं म्हणतायत त्या. एका शब्दात अख्खं तत्त्वज्ञान!" फोन करून विचारावं असं कुणाच्या मनात आलं असतं, पण अशा विरक्त माणसाला आग्रह करणं शोभत नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं. उलट निरोप धाडला, 'आपल्या भावनेचा आम्ही मनापासून आदर करतो.' त्यावर जोडलेल्या हातांचं चित्र आलं आणि विषय संपला.

यादीत दुसरं नाव लातूर जिल्ह्यातल्या मन्मथआप्पांचं होतं. आप्पा एसटीत चालक होते. आता औशाच्या बाजूला शेती करतात. त्यांच्या शेताजवळच्या वळणावर अपघात झाला की ते आपली जुनी जीप काढतात आणि जखमींना लातूरला पोचवतात. त्यांच्या जीपमध्ये रुग्णाला आडवं नेता येईल असा पलंग, प्राणवायूच्या टाकीची सोय, असं सगळं आम्ही लातूरच्या एका गॅरेजमध्ये बसवून घेतलं. जानेवारीत, वेळ अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, लातूरला छोटा कार्यक्रम ठरला. न्यासातर्फे मी जायचं होतं. म्हटलं, वाट वाकडी करून आधी नांदेडला जावं, गयाबाईंचं दर्शन घ्यावं; तसं त्यांना कळवूनही टाकलं. पिशवीत आठ पानांचं भाषण होतं. विषय अर्थातच 'हाव'.

नांदेड

कोकणातल्या माणसाला थंडी म्हणजे काय ते नांदेडच्या स्टेशनवर सकाळी सहाला कळतं. मी कानाला मफलर गुंडाळून बाहेर आलो आणि एका रिक्षावाल्याला विचारलं, "गुरुद्वाऱ्याकडे येणार का?"

"हाव," तो म्हणाला.

मी दचकलो. म्हटलं, हा उगाच जास्त मागणार आणि वर कबूलही करतोय! "हाव करू नका," मी मास्तरी आवाजात म्हणालो, "वाजवी असेल ते देईन." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अघटित बोललो होतो. "बसा की काका," तो म्हणाला आणि त्याने मला व्यवस्थित, वाजवी भाड्यात पोचवलं. त्या वेळी मला शंका यायला हवी होती. पण मास्तरला शंका विचारायची सवय असते, घ्यायची नसते.

गुरुद्वाऱ्यात डोक्याला रुमाल बांधून लंगरच्या पंगतीला बसलो. एक धिप्पाड सरदारजी बादलीतून डाळ वाढत होते. पोळी आली की ती दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायची, ताटात टाकून घ्यायची नाही, हे शेजारच्या माणसाने मला डोळ्यांनीच दाखवलं. आमच्याकडे पंगतीत आग्रह चालतो, नको नको म्हणत खायचं असतं. इथे आग्रह नाही, पण बादली पुन्हा पुन्हा येते. ते मला फार आवडलं. शेजारचे गृहस्थ बिलोलीचे शेतकरी निघाले.

"दरवर्षी येता का इकडे?" मी विचारलं.

"हाव."

माझा घास हातातच राहिला. "हाव म्हणजे?"

"हाव म्हंजे हाव." त्यांनी जरा विचार केला. "तुमच्याकडं काय म्हनतात, हो? तेच की."

इतकी चवदार डाळ माझ्या घशात अडकावी असं दुसरं काहीच ते बोलू शकले नसते. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि अण्णांना फोन लावला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू मराठीच शिकवायचास ना रे?"

यंदाची वस्तू देऊन झाली होती. न्यासाकडे आता शाल सोडून काही उरलं नव्हतं. परस्पर लातूरची गाडी धरावी, असंही एकदा मनात आलं; पण ज्या बाईंचं कौतुक आठ पानं लिहून केलं, त्यांच्यासमोर जाऊन एक ओळ खरं बोलता येत नसेल तर ते भाषण चुलीत घालावं. मी उमरीची गाडी पकडली.

उमरीचं शिवार

वाटेत दोन्हीकडे वेचून संपत आलेला कापूस, उभी तूर आणि मधूनमधून हिरवागार हरभरा. आमच्याकडे जमीन दिसायला झाडं बाजूला करावी लागतात. इथे नजर टाकावी तिथवर काळी जमीनच. डोळ्यांना आधी ओकंबोकं वाटतं, मग हळूहळू मोकळं वाटायला लागतं.

गाव फाट्यापासून आत होतं. गयाबाईंचं घर विचारावं लागलं नाही, "सत्कारवाले आले" म्हणत गावच मला घेऊन गेलं. ते ऐकून मी पिशवीतलं भाषण आणखी खाली सारलं.

पासष्टीच्या, काटक, पदर कमरेला खोचलेल्या गयाबाई दारातच उभ्या होत्या. "या गुरुजी, या. लई वाट बघून राहिले. आधी सुशीला खाता का?"

सुशीला हे बाईचं नाव नसून भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला पदार्थ आहे, हे ताटली हातात आल्यावर कळलं. त्या दिवसापासून मी मराठवाड्यात कुठल्याही शब्दाचा अर्थ आधी विचारून घेऊ लागलो.

खाणं झाल्यावर त्या मला घरामागे घेऊन गेल्या. "ही बगा जागा. पत्र्याचं जुनं शेड व्हतं. गळायचं, पन व्हतं. तुमचा निरोप आला अन् दुसऱ्याच दिशी पाडलं. जोतं चांगलं हाय, म्हनून तेवढं ठिवलं. धा बाय बाराची खोली सुखानं बसते बगा."

समोर झाडून-सारवून ठेवलेलं रिकामं जोतं होतं. त्यावर माझ्यासाठी एक खुर्चीसुद्धा मांडली होती. मी त्या खुर्चीत बसलो नाही, उभाच राहिलो.

शेड पाडल्यापासून बाया ओसरीवर आल्या होत्या. ओसरीला वारा लागू नये म्हणून निळी ताडपत्री बांधलेली, तिच्या कडा दगडांनी दाबलेल्या. आत तीन आया. प्रत्येकीच्या छातीशी जुन्या सुती लुगड्याने बांधलेलं एक एक बाळ. "खाली ठिवायचंच न्हाई," गयाबाई सांगत होत्या. "कोंबडी अंडं उबवती का न्हाई? तसं. डाक्टरीनबाईनं शिकवलं. दिस-रात आईच्या अंगाला लागून ठिवलं की लेकरू अंग धरतंय." कोपऱ्यात लटकवता काटा होता. रोज सकाळी वजन, आणि काही कमी-जास्त वाटलं की उमरीच्या दवाखान्यात. त्यात त्या हयगय करत नव्हत्या.

सगळ्यांत लहान बाळ सीमा नावाच्या विशीतल्या पोरीचं होतं. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघाली होती. बाळ दिवसांआधीच झालं. टोळी पुढे कर्नाटकात कारखान्यावर गेली आणि गयाबाईंनी हिला मागे ठेवून घेतलं. बाळाचं वजन दोन किलोपेक्षा कमी. मुलगी होती.

"नाव काय ठेवलं?" मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

सीमाने मान खाली घातली. गयाबाई म्हणाल्या, "नाव न्हाई ठिवत ह्या. दोन किलो भरलं म्हंजे मग. नाव ठिवलं अन् लेकरू गेलं, तर हाक माराया तोंडात नाव उरतंय ना गुरुजी. म्हनून भेतात."

आमच्याकडे बारशाला बाराव्या दिवसाचा मुहूर्त असतो. पूर्वी मुलं जगत नसत तेव्हा दगडू, धोंडू अशी नावं ठेवत, हे मी वर्गात शिकवलेलं. पण नावच न ठेवण्याइतकी भीती मी कधी समोरून पाहिली नव्हती. त्या ओसरीवर वारा ताडपत्रीला आत ढकलत होता आणि सीमा पाठ वाऱ्याकडे करून बसली होती. मला माझी शरम वाटली. अगदी खरी शरम, तोंड लपवावंसं वाटणारी.

मग मी सगळं सांगून टाकलं. हाव म्हणजे आमच्याकडे काय, मी काय समजलो, काय उत्तर धाडलं, खोलीऐवजी काय झालं, सगळं.

गयाबाईंनी आधी नीट समजून घेतलं. "म्हंजे तुमच्यात हाव म्हंजे हावरट? अन् मी तुमाला लिवलं हावरट?" आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आयांनाही हसू फुटलं. सीमासुद्धा हसली. मग हसता हसता गयाबाईंची नजर जोत्याकडे गेली आणि त्या थांबल्या.

"म्हंजे खोली न्हाई," त्या म्हणाल्या.

"मी आप्पांशी बोलतो. त्यांना सांगतो की..."

"न्हाई. दिलेलं माघारी मागायचं न्हाई. त्यांनी काय गुन्हा केला?" थोडा वेळ त्या काटा हातात घेऊन उगाच त्याची कडी फिरवत राहिल्या. "मी तरी येडी. जाग्यावर इटा पडायच्या आधी शेड पाडली."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "एक करा. माझ्याबरोबर लातूरला चला. सन्मान तुमच्या हातून होऊ द्या. तेवढं तरी माझ्याकडून होऊ द्या."

त्यांनी शेजारणीला हाक मारली, दोन दिवस बायांकडे बघायला सांगितलं, वजनांची वही सीमाच्या हाती दिली आणि एका पिशवीत लुगडं भरलं. "चला," म्हणाल्या. "बघू तर द्या, कोन मानूस हाय त्यो."

औशाकडे, येळवशीला

लातूरला वेळ अमावास्येचा, तिकडच्या बोलीत येळवशीचा, दिवस म्हणजे आपल्याकडे गणपतीचा. फरक एवढाच, की गणपतीत सगळे घरी येतात आणि येळवशीला सगळे घर सोडून शेतात जातात. बाजारपेठ बंद, रस्ते रिकामे, शहरातल्या माणसाला स्वतःचं शेत नसेल तर तो दुसऱ्याच्या शेतात. गयाबाईंच्या गावाकडे हा सण एवढा नसतो, त्यामुळे त्याही माझ्याइतक्याच नवख्या होत्या. आप्पांनी आम्हाला न्यायला जीप पाठवली होती, तीच, नवा पलंग बसवलेली. गयाबाईंनी आत बसण्याआधी तो पलंग हाताने दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "चांगला हाय. मजबूत हाय." त्यांचा आवाज साधाच होता, पण मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

मन्मथआप्पा बुटके, गळ्यात शिवलिंगाची चांदीची डबी, मिशा एसटीच्या शिस्तीत कापलेल्या. शेताच्या मधोमध कडब्याची कोप उभारून आत चुना लावलेले पाच दगड मांडले होते. पूजा झाली. मग एक जण आंबिलीचं गाडगं घेऊन कानडी वळणाचं काहीतरी ओरडत शेताला फेरी मारून आला आणि पिकावर आंबील शिंपडत गेला. मला अर्थ विचारायचा होता, पण त्याआधी पानं मांडली गेली.

जेवायला 'भज्जी' आहे म्हणाले. आता मी शहाणा झालो होतो. भज्जी म्हणजे काय, हे आधी विचारलं. आपली तळलेली भजी नव्हेत. हरभऱ्याचे, तुरीचे, वालाचे ओले दाणे, मेथी, गाजर, बोरं, चिंच, सापडेल ती भाजी, सगळं बेसन लावून एकत्र शिजवलेलं. त्याबरोबर बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, ज्वारीची भाकरी, खीर आणि मडक्यातली गार आंबील. बोरं घातलेली भाजी म्हटल्यावर कोकणातला माणूस नाक मुरडणारच. मी नाक मुरडलं आणि तीनदा वाढून घेतली.

पंगतीत चाळीस-पन्नास माणसं होती आणि त्यातली बरीचशी एकमेकांच्या नात्यातली दिसत नव्हती. एकाचा पाय ताठ, एकीच्या कपाळावर लांब व्रण, एक जण डाव्या हाताने जेवणारा. मी आप्पांना विचारलं, हे सगळे कोण?

"रस्त्यावरले," आप्पा म्हणाले. "जीपमदी घातले तवा कुनाचं नाव मला ठाव न्हवतं. दवाखान्यात सोडताना येकच सांगतो. बरे झालात तर येळवशीला जेवाया या. एवढंच माजं भाडं."

गयाबाईंनी हे ऐकलं आणि घास थांबवून पंगतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. "एवढे सगळे?" त्या हळूच म्हणाल्या. "माझी लेकरं तर घरी गेली की मला कधी दिसत बी न्हाईत."

मग आप्पांनी विचारलं, "गुरुजी, ह्या बाईंची वळख?"

मी घसा खाकरला, पण गयाबाईंनी मला बोलू दिलं नाही. "मी सांगते. ह्या गुरुजींनी माज्या होकाराचा नकार केला." आणि त्यांनी सगळी गोष्ट अशी खुलवून सांगितली, की पंगतीत हशा उसळला. माझा रिक्षावाला, माझं भाषण, माझे आठ कागद, काहीही सुटलं नाही. मी वाटेत गाडीत त्यांना हे सगळं का सांगितलं, असं मला झालं. ताठ पायाच्या माणसाला तर ठसका लागला.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी हात धुतला. "म्हंजे हे तुमचं व्हतं."

"असू द्या की."

"उंद्या पलंग काढून देतो."

"जिपातला पलंग घेऊन मी काय करू? लेकरं आईच्या अंगावर असत्यात." गयाबाई जरा फणकाऱ्यानेच म्हणाल्या. "तुमाला दिलेलं तुमाला. रस्त्यावर मानसं मरून राहिली अन् तुमी पलंग काढता?"

"खोली केवढी हाय?"

"धा बाय बारा. जोतं तयार हाय."

आप्पांनी मान डोलावली आणि आंबिलीचं भांडं उचललं. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ते फेऱ्या मारत, प्रत्येकाला आंबील वाढत राहिले. मला वाटलं, विषय राहून गेला. मग ते कोपीपाशी उभे राहिले. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून हातात घेतली. माणसं आपोआप गप्प झाली.

"दरसाली तुमी मला इचारता," आप्पा म्हणाले, "आप्पा, तुमाला काय देऊ. मी म्हनतो, जेवून जावा. कंदी काई मागितलं न्हाई." त्यांनी हातातली टोपी उलटसुलट फिरवली. मला वाटतं, त्यांना मागायची खरोखरच सवय नव्हती. "औंदा मागतो. ह्या माउलीची खोली माज्या जीपमदी आली हाय. ती मला तिच्या जोत्यावर पोचवायची हाय. माज्या एकल्यानं व्हत न्हाई."

मग ताठ पायाचा माणूस उठायला लागला. त्याला उठायला वेळ लागतो. "मी गवंडी हाय," तो म्हणाला. "पाय गेला, हात हायत. मी येतो." डाव्या हाताने जेवणाऱ्याचा औशात पत्र्यांचा धंदा होता. तो बसूनच म्हणाला, "पत्रे माझ्याकडं लागले." कपाळावर व्रण असलेली बाई म्हणाली, "मला त्यातलं काई येत न्हाई. पन मानसं कामाला जातील तर त्यांना भाकरी लागतीलच ना?" मग एकदमच सगळे बोलायला लागले आणि कोण काय म्हणतंय ते ऐकू येईना. गयाबाई जमिनीकडे बघत होत्या. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "काई न्हाई. आंबील आंबट हाय," आणि पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या कार्यक्रमात गयाबाईंनी आप्पांना शाल घातली. आप्पांनी तीच काढून गयाबाईंच्या खांद्यावर टाकली, असा दहा मिनिटं शालीचा खो-खो झाला. मला भाषण करायला सांगितलं. मी आठ पानं पिशवीतच ठेवली आणि आदल्या दिवशी शेतात जे पाहिलं तेवढं सांगून बसलो. टाळ्या बऱ्या पडल्या. निवृत्त मास्तरला यापेक्षा जास्त समाधान काही नसतं, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

पुन्हा उमरीला

माझं परतीचं तिकीट होतं. मी ते रद्द केलं आणि जीपमध्ये, त्या नव्या पलंगावर बसून, उमरीला परत गेलो. मागे टेम्पोत पत्रे, एक दार, गवंडी आणि त्याचे दोन सोबती.

विटा गावातूनच आल्या. वाळू शेजारच्या गावाने दिली. आप्पांनी मागितलं ही बातमी आमच्याआधी पोचली होती आणि ज्यांची बाळं कधीकाळी या ओसरीवर राहून गेली होती, ती माणसं आसपासच्या गावांतून येऊ लागली. कुणी घमेलं घेऊन, कुणी नुसतंच. एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली आणि गयाबाईंसमोर उभी करून म्हणाली, "वळखा बगू." गयाबाईंना ओळखता आलं नाही. त्यांनी तिला उचलून पाहिलं, आणि "आगं बया, किती जड झालीस!" म्हणत खाली ठेवेनात.

मला भिंतींवर पाणी मारायचं काम दिलं होतं. दुसऱ्या दिवशी पाइप पायात अडकून मी ताज्या सिमेंटच्या घमेल्यात बसलो. गवंडी म्हणाला, "गुरुजी, बसून घ्या, पन वाळायच्या आत उठा." चार दिवसांत मी एवढंच भरीव काम केलं. पण दुपारी सगळ्यांबरोबर भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी खाताना मला वाटायचं, की आपण फार मोठी मजल मारली.

चौथ्या दिवशी दुपारी पत्रे चढले, दार बसलं. गयाबाईंनी आत शेगडी पेटवून ठेवली, भिंतींचा ओलावा ओढला जावा म्हणून. आणखी तीन-चार दिवस राहायचं नाही, असं गवंड्याने बजावलं होतं. तेवढे दिवस मी थांबलो. मला कुणी थांबवून घेतलं नाही, पण जायलाही कुणी सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी वजनं झाली. सीमाच्या मुलीला काट्याच्या झोळीत घातलं, काटा हलला, थांबला. गयाबाईंनी वाकून पाहिलं, मग मलाही बोलावून दाखवलं. दोन किलोच्या रेघेपुढे काटा एवढासाच गेला होता, पण गेला होता. "जा," त्या सीमाला म्हणाल्या. "पयली तू जा आत."

सीमा बाळाला छातीशी बांधून खोलीत गेली आणि तिने आतून दार ओढून घेतलं. दार लागल्याचा आवाज आला. इतके दिवस ताडपत्रीची फडफड ऐकणाऱ्या आम्हा सगळ्यांना तो आवाज नवा होता. उंबऱ्याची शेवटची डागडुजी आटपून गवंडी थापी धूत होता, तो थांबला. मला न्यायला आलेले आप्पा जीपला टेकून उभे होते. आतून काहीच ऐकू येईना. मग हळूच, कुणाला तरी उठवावं तशी हाक आली, "आरोही."

गयाबाईंनी दाराला तोंड लावून विचारलं, "सीमे, नाव ठिवलं का गं?"

"पयल्या दिशीच ठिवलं व्हतं, माय," आतून सीमा म्हणाली. "भ्या वाटत व्हतं. मनातच म्हनत व्हते."

"मग आता म्हन की मोठ्यानं."

आणि तिने मोठ्याने हाक मारली. "आरोही! ए आरोही!" ती पुन्हा पुन्हा हाक मारत राहिली, आणि आम्ही सगळे बाहेर उन्हात उभे राहून ते नाव ऐकत होतो.